आमच्या कॉम्प्युटरचा केसपेपर

सोमवारी सकाळी साडेदहाला आमच्या घरचा कॉम्प्युटर पुन्हा गेला. गेला म्हणजे काय, पडद्यावर सुनेचं वाचनालय गोल गोल फिरत होतं आणि पुढच्या क्षणी सगळं काळं. आवाज नाही, सूचना नाही. खोलीतला दिवा चालू, पंखा चालू, फक्त हा गप्प. चौतीस वर्षं मी इस्पितळात नर्स होते. माणसं न सांगता जातात हे मला ठाऊक आहे. पण यंत्रानेही तीच रीत धरली म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

तसं कारणही होतं. सून इमारतींचे नकाशे काढते. सात वर्षं एका मोठ्या कचेरीत ती रात्रंदिवस राबली, आणि प्रत्येक नकाशावर नाव मात्र साहेबांचं. शेवटी तिने नोकरी सोडली आणि मुलांच्या नव्या वाचनालयाच्या स्पर्धेत स्वतःच्या नावाने आराखडा पाठवला. शेवटच्या पाचांत तिचा नंबर लागला. आता त्या वाचनालयातून फिरून आल्यासारखी तीन मिनिटांची फिल्म करून शुक्रवारी दुपारी चारच्या आत पाठवायची होती. चारच्या पुढे एक मिनिट झालं तरी नाव बाद. ती फिल्म तयार करायला कॉम्प्युटर सलग सहा तास चालायला हवा. मधे बंद पडला की पुन्हा पहिल्यापासून. आणि हा पठ्ठ्या तासभरही टिकत नव्हता.

मुलगा बोटीवर नोकरीला, चार महिन्यांनी येणार. घरात आम्ही तिघंच. मी, सून आणि मिस्त्री.

मिस्त्री म्हणजे माझे यजमान. पेशाने सुतार. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात म्हणून मीही म्हणते. हात सोन्याचा आणि जीभ लवंगी मिरचीची. त्यांचा आयुष्यभर एकच हट्ट, जोडात फट दिसता कामा नये. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले तरी आधी टेबलाच्या कडेवरून नख फिरवणार आणि मग ताटाकडे बघणार. मागच्या वर्षी खांद्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आता पुन्हा रंधा हातात धरता येतो की नाही, या धास्तीने माणूस निम्मा झाला होता. त्यातून उठून त्यांनी पहिलं काम केलं ते सुनेसाठी. महिनाभर खपून टेबल केलं, आणि टेबलाच्या पोटात कॉम्प्युटरचा डबा ठेवायला अगदी त्याच्या मापाचं कपाट. डबा मागून आत सरकवायचा आणि पाठीची फळी स्क्रूने बसवायची. पुढे वहीएवढं एक दार, बटण दाबण्यापुरतं. वायरींना बोटभर भोकं, तीही रबर लावून बुजवलेली. सुनेने ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, खोटं कशाला बोलू?

टेबल आल्यावर पहिले पंधरा दिवस सून नुसत्या रेघा ओढत होती, तेव्हा काही बिघडलं नाही. फिल्मचं काम सुरू झालं आणि हे दुखणं लागलं. त्यामुळे आम्ही सगळ्यांनी फिल्मच्या नावाने बोटं मोडली. मग कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. तो डबा काढून दुकानात घेऊन गेला, दोन दिवस चालवून पाहिला आणि परत आणून म्हणाला, "काकू, आमच्याकडे एकदाही बंद पडला नाही. थोडी धूळ होती, ती काढलीय. तुमच्या घरच्या लाइनचं काहीतरी असेल."

त्या सगळ्यातलं मिस्त्रींना ऐकू आलं एकच, धूळ. डबा पुन्हा कपाटात सरकवला आणि पाठीच्या फळीला त्यांनी चारी बाजूंनी सरस लावून ती कायमची चिकटवून टाकली.

"आता धुळीचा बाप आला तरी आत शिरणार नाही," ते म्हणाले.

आणि सोमवारी तो पुन्हा गेला, तोही चाळीस मिनिटांत. दुपारी वायरमन आला. त्याने बोर्ड उघडला, तारा ओढून पाहिल्या, नवं सॉकेट बसवलं आणि लाइन ठणठणीत असल्याचं सांगून निघून गेला. तो गेल्यावर अर्ध्या तासात कॉम्प्युटर पुन्हा काळा. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय?

सून खुर्चीत तशीच बसून राहिली. "आई, राहू दे," ती म्हणाली. "स्पर्धावाल्यांना कळवते की मला नाही जमत."

"खबरदार कळवलंस तर," मी म्हटलं. "शुक्रवार अजून उजाडलाय का?"

वॉर्डात आम्हाला एक गोष्ट शिकवलेली असते. रोगी इस्पितळात बरा असतो आणि घरी गेला की पुन्हा आजारी पडतो, तर घर तपासायचं. आणि अंदाज नंतर बांधायचा, आधी लिहायचं. मी जुनी वही काढली, पट्टीने रकाने आखले आणि वर मथळा घातला, केसपेपर. कधी सुरू केला, कधी बंद पडला, पडद्यावर काय चाललं होतं, घरात कोण होतं, कोणी कशाला हात लावला. मिस्त्री चष्म्यावरून बघत म्हणाले, "आता त्याला सलाईन लावणार का?" मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. सून फिल्म सुरू करायची, मी वेळ टिपायची. गुरुवारी संध्याकाळी वही घेऊन बसले आणि मनात शंकेची पाल चुकचुकली. मिस्त्री घरात असले की तो चाळीस मिनिटांच्या आत मरायचा. मिस्त्री फिरायला किंवा लाकडाच्या वखारीत गेले की सव्वा तास, एकदा तर दीड तास टिकला होता.

"अहो, तुम्ही त्याला काय करता?" मी सरळच विचारलं.

"मी? मी काय करणार? म्हणजे आता माझा पायगुण वाईट का?" ते उसळले. "चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाने..."

"वहीत लिहिलंय ते विचारतेय. गिऱ्हाइकाचं नंतर."

सून खाली मान घालून बसली होती. तिच्या हातातल्या पेन्सिलीचं टोक उगाचच वहीवर टेकत होतं. शेवटी ती म्हणाली, "आई, बाबा बाहेर गेले की मी ते छोटं दार उघडं ठेवते. डबा फार तापतो असं वाटतं. बाबा आले की ते दार लावतात."

हे मात्र खरं. उघडं दार दिसलं आणि मिस्त्रींनी लावलं नाही, असं कधी झालेलं नाही. जाता येता, बोलता बोलता, पायाने ढकलून का होईना, ते दार लावतात. त्यांचं त्यांना कळतही नाही.

"आणि हे मला आधी सांगितलं नाहीस ते का?" मी विचारलं.

तिने मिस्त्रींकडे पाहिलं. मला कळलं. ज्या माणसाने दुखऱ्या खांद्याने आपल्यासाठी कपाट केलं, त्याला तोंडावर कसं सांगायचं की तुमच्या कपाटाने माझा घात केलाय? सात वर्षांनी मिळालेली संधी पोरगी गिळून टाकायला निघाली होती, ती सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून. मला तिचा राग आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. मिस्त्री गॅलरीत जाऊन उभे राहिले.

शुक्रवारी सकाळी साडेसातला मी तापमापक काढला, आपला घरातला, काखेत लावायचा. छोट्या दारातून हात घालून डब्याच्या अंगाला त्याचं टोक धरलं, दार हातावर लोटून घेतलं आणि सुनेला म्हटलं, "कर सुरू." दर पाच मिनिटांनी आकडा लिहीत गेले. चौतीस. साडेछत्तीस. अडतीस पूर्णांक नऊ. इतक्या तापाला मी डॉक्टरांना उठवलं असतं. मग एकेचाळीस. मग त्याच्या चिमुकल्या पडद्यावर आकडाच उमटेना, तापमापकाने हात टेकले. आठ वाजून चार मिनिटांनी कॉम्प्युटर गेला.

घोडं इथंच पेंड खात होतं. बिचाऱ्याला श्वास घ्यायला जागाच नव्हती. जिवावर बेतलं की तो स्वतःला बंद करून घेत होता, आणि आम्ही त्यालाच शिव्या देत होतो.

मी वही मिस्त्रींच्या हातात दिली. त्यांनी ती वाचली. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मंगळवारपासूनचे सगळे आकडे बोटाने खाली खाली बघत गेले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कारण या माणसाशी मी संसार केलाय. आपल्या कामाला नावं ठेवली म्हणून त्यांनी सख्ख्या भावाशी दोन वर्षं अबोला धरलेला आहे.

"किती वेळ लागतो म्हणालीस फिल्मला?" त्यांनी सुनेला विचारलं.

"सहा तास, बाबा."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. सव्वाआठ. "मग भोकं पाडत बसायला वेळ नाही. अख्खी पाठच काढतो."

"बाबा, नको, सगळं बिघडेल," सून म्हणाली. "सरस लावलाय तुम्ही. फळी फुटेल."

"फुटेल नाही, फोडतोय," मिस्त्री म्हणाले. "लाकडाला काय, मी दुसरं आणीन. तुझा शुक्रवार मी कुठून आणू?"

त्यांनी वायरी काढायला लावल्या, भुसा डब्यात जाऊ नये म्हणून भोकांतून आत ओल्या फडक्यांचे बोळे कोंबले आणि करवत घेतली. खांदा दुखतोय हे त्यांच्या जबड्यावरून दिसत होतं, पण मी मधे पडले नाही. काही वेळा नर्सने गप्प उभं राहायचं असतं. वरची कड, डावी कड, उजवी कड. मग त्यांनी पटाशी घातली आणि कडाड असा आवाज करून फळी निघाली. आतून गरम हवेचा भपकारा आला तो माझ्या तोंडावर.

"बाप रे," मिस्त्री म्हणाले. "भट्टी केली मी याची."

मग हसायला लागले. आधी ते, मग सून, मग मी. डबा बाहेर काढला, फुंकून पुसून खिडकीशी स्टुलावर ठेवला, वायरी लावल्या. आठ वाजून पंचावन्न मिनिटांनी सुनेने फिल्म सुरू केली.

चाळीस मिनिटं झाली. तासाला मी आकडा घेतला, पस्तीस. दोन तास, पस्तीस पूर्णांक दोन. मिस्त्री स्टुलासमोर खुर्ची टाकून बसले ते जेवायलाही उठेनात. शेवटी ताट तिथेच नेऊन दिलं. मी तिथून जाताना साडीचा वारा लागला तरी ते म्हणायचे, "अगं, हळू." दोनला सुनेचा चेहरा पांढरा पडला होता. दोन वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी पडद्यावर "पूर्ण" उमटलं, आणि ती ओरडलीच नाही, नुसती माझ्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. सव्वातीनला फिल्म गेली. साडेतीनला पोच आली. आराखडा कोणाचा, या शब्दांपुढे तिचं नाव होतं, आणि दुसऱ्या कोणाचंही नव्हतं. मिस्त्रींनी ते मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

निकालाचा फोन पाच आठवड्यांनी घरच्या नंबरवर आला. मी उचलला. पलीकडच्या बाईंनी जे सांगितलं ते मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. सून तेव्हा खाली फाटकाशी होती, भाजीची पिशवी घेऊन. चौतीस वर्षं मी नातेवाइकांना बातम्या दिल्या त्या हळू आवाजात, जवळ जाऊन, कारण बहुतेक बातम्या तशाच असायच्या. त्या दिवशी मी गॅलरीत गेले, कठड्यावर पोट टेकवून वाकले आणि सगळी गल्ली वर बघेल अशा आवाजात ओरडले, "अगं, वाचनालय तुझं! तूच बांधायचंस!"