चौदा नंबरचा शर्ट

“बाकी समद्यांना तीन-तीन पट्ट्या अन् मलाच दोन? काय वो मावशी, आमच्याच बाहीला दुष्काळ पडला का?”

दयानंद नारिंगी शर्ट घालून मैदानाच्या कडेला उभा होता आणि दोन्ही हात आडवे पसरून बाह्या दाखवत होता. तो नांदेडच्या एका बँकेत रोखपाल. वय त्रेपन्न. शर्टाच्या पाठीवर काळ्या कापडाचा चौदा आकडा होता.

“तुझ्या पोटालाच समदं कापड गेलं,” गोलकीपर सोमेश म्हणाला. “बाहीला कुठून उरंल?”

सगळे हसले. दयानंद हसला नाही.

“मजाक नका करून राहू. पट्टीचा गुंडा मी स्वतः घेऊन दिला होता, हिशेबानं. मग माझ्या दोन बाह्यांच्या दोन पट्ट्या गेल्या कुठं? आमचे आजोबा सांगायचे, शिंप्याच्या हाताला कापड चिकटतंयच म्हणून.”

हसणं थांबलं. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या बाईनं पदर नीट केला. ती माझी आई, कमलम्मा. माहेर देवणीचं, कर्नाटकाच्या अंगाचं, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणायचो. पहाटेच्या बसनं लातूरहून ती शर्टांचं बोचकं मांडीवर घेऊन आली होती. एकाहत्तर वर्षांची होती. कापड खाल्ल्याचा आळ तिच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच, तोही तीस-चाळीस परक्या माणसांसमोर आला होता.

मी पुढे झाले आणि घाईनं म्हणाले, “तिच्या डोळ्यांना हल्ली कमी दिसतं. मोतीबिंदू आहे. मोजताना चुकली असेल. मी आजच लावून घेते तिसरी पट्टी.”

अव्वानं दयानंदकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

ही गेल्या जानेवारीतली गोष्ट. जुलैत अव्वा गेली. तिच्या आजारपणात मी तिच्याशी बरंच बोलले, पण ते वाक्य मला परत घेता आलं नाही.

शर्टांची ऑर्डर माझ्यामुळेच आली होती. मी नांदेडला कॉलेजात शिकवते. आमच्याकडून निवृत्त झालेले अनंतराव इतिहास शिकवायचे आणि तरुणपणी जिल्ह्याकडून फुटबॉल खेळलेले. त्यांनी पन्नाशीच्या पुढच्या खेळाडूंची एक दिवसाची स्पर्धा ठरवली होती. चार संघ, आणि प्रत्येकानं जगातल्या एका थोर संघाचं नाव आणि वेश घ्यायचा. सत्तरचा ब्राझील, चौपन्नचा हंगेरी, चौऱ्याहत्तरचा हॉलंड आणि बासष्टचा भारत, जाकार्ताला सुवर्णपदक जिंकलेला. त्या भारतीय संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब हैदराबादचे, हे अनंतराव अशा सुरात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, ते अनंतरावांच्या शेजारच्याच घरात राहत होते. बाकीच्या तिघांनी बाजारातून छापील शर्ट आणले. अनंतराव हॉलंडचे कप्तान. ते अडून बसले. शिवलेलेच हवेत, आणि हुबेहूब हवेत.

जर्सी शिवणारं माणूस आता कुठे मिळतं? मी म्हटलं, माझी आई शिवते. शिवायची.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात अव्वाचं दुकान होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. मशीन त्यांचं, ती फक्त काज-बटणं करायची. ती मशीनवर बसली तेव्हा बोळातली माणसं म्हणाली, बाई काय शिवणार, कापड तेवढं खाईल. तेव्हापासून तिनं एक रीत घातली. ब्लाऊज असो की गणवेश, शिवलेल्या कपड्यांबरोबर कातरणाची पिशवी द्यायचीच. बोटभर चिंधीसुद्धा त्यात असायची. गिऱ्हाइकं ती दारातच फेकून जायची, तरी ती द्यायचीच.

खेळाचं सामान विकणाऱ्या एका दुकानाचं काम तिला मिळालं आणि पंचवीस-तीस वर्षं तिनं कॉलेजांच्या, शाळांच्या, गल्ल्यांच्या संघांना जर्सी शिवल्या. पोरं मासिकातलं चित्र आणायची, ही तसं शिवायची. फुटबॉलचा सामना तिनं कधी पाहिला नव्हता, पण जगातले संघ तिला पाठ होते. ब्राझील म्हणजे हिरवी कॉलर, पिवळ्यावर डाग पडू द्यायचा नाही. अर्जेंटिना म्हणजे बगलेत पट्ट्याला पट्टा जुळवायचा ताप. पेरूचा तिरपा लाल पट्टा खांद्यावरून कमरेपर्यंत एकाच तुकड्याचा, मध्ये जोड चालत नाही. क्रोएशियाला ती लाल-पांढऱ्या चौकटींवरून “चौकटवाले” म्हणायची आणि दोन दिवस जास्त मागायची. मग छापील कापड आलं आणि हे सगळं बंद झालं.

डिसेंबरात मी अनंतरावांचा फोटो घेऊन लातूरला गेले. जुन्या मासिकातला, प्लास्टिकमध्ये बसवलेला. नारिंगी शर्टातला अकरा जणांचा संघ.

“हे कोण?”

“हॉलंड.”

“जिंकले का?”

“नाही. फायनल हरले.”

“मग हरलेल्यांचा वेश कशाला घालायलेत?”

अनंतरावांकडून ऐकलेलं मी सांगितलं. की या संघात कुणाची जागा ठरलेली नसायची. मागचा पुढे धावला की पुढचा न सांगता मागे येऊन त्याची जागा घ्यायचा. समोरच्यांना कळायचंच नाही की कुणाला धरायचं. जिंकले दुसरे, पण पन्नास वर्षं लोक नाव यांचं घेतात.

अव्वा बराच वेळ फोटो पाहत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे समद्यास्नी समदं काम येतंय. तुज्या अप्पाला बी असाच कारागीर पायजे व्हता. कटिंगवाला शिलाईला बसला की रुसायचा.” आणि तिनं खणातून अप्पांचं भिंग काढलं.

तर त्या दिवशी मैदानावर तिनं माझ्यावरची नजर काढली आणि शांतपणे म्हणाली, “ती कातरणाची पिशवी सोडा.”

पिशवी बोचक्याजवळ तशीच पडली होती. कुणी उघडली नव्हती. सोमेशनं गाठ सोडून ती गवतावर उलटी केली. नारिंगी चिंध्या, दोऱ्याचे तुकडे, आणि वेगळ्या कागदात गुंडाळलेल्या दोन लांब काळ्या पट्ट्या. त्यानं एक उचलून दयानंदच्या गळ्यापासून मनगटापर्यंत धरली. बरोबर बसली.

“घे बाबा,” सोमेश म्हणाला. “तुझी इस्टेट.”

दयानंदचा चेहरा उतरला. “मावशी, मी आपलं तोंडाला आलं ते बोललो. राहिलं असंल लावायचं. द्या लावून, मशीन समोरच हाय रफूवाल्याकडं.”

“राहिलं न्हाई,” अव्वा म्हणाली. “त्याला दोनच हायत.”

“कुणाला?”

“चौदा नंबरवाल्याला. फोटोत बघा, चड्डीवर आकडा हाय.”

अनंतराव खिशातून चष्मा काढत पुढे आले. “कमलम्माबाई, अहो संघाचा वेश आहे. एकाला दोन आणि दहांना तीन असं कसं असेल? सावली पडली असेल फोटोत.”

“सावली असती तर दोन्ही बाह्यांवर कशी पडंल? मी तीन दिस बघितलंय सर. तुमी म्हणला हुबेहूब. मी फोटोवरून शिवते, मनानं न्हाई. तिसरी लावायची तर लावते, पर मग ह्यो हॉलंड न्हाई म्हणा.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो काढला नाही, पण तिचा खांदा दगडासारखा होता.

दयानंदनं फोन काढला. बँकेतल्या माणसाची सवय असेल, शंका आली की तपासायचं. त्यानं हॉलंड, चौऱ्याहत्तर, चौदा नंबर असं टाकलं, चित्रं आली. एकावर बोटं ताणून त्यानं बाही मोठी केली. मग दुसरं. मग तिसरं, धावतानाचं. सोमेशनं त्याच्या हातातून फोन घेतला.

“दोनच हायत की रे.”

अनंतरावांनी कपाळाला हात लावला. “क्रायफ,” ते म्हणाले. “वाचलं होतं मी हे. साफ विसरलो. तीन पट्ट्या म्हणजे त्या शर्टाच्या कंपनीची खूण. आणि याचा करार दुसऱ्या कंपनीशी. त्यानं सांगितलं, मी तुमची खूण अंगावर घालणार नाही. मग त्याच्या एकट्याच्या शर्टाला दोन पट्ट्या. सगळ्या स्पर्धेत तो तसाच खेळला. मी सत्तर साली खेळायला लागलो, हे फोटो पन्नास वर्षं पाहतोय, आणि मला दिसलं नाही.”

“तुमी खेळ बघत व्हता,” अव्वा म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती. “खेळ बघताना बाही कोण बघतंय.”

दयानंद हात मागे बांधून तिच्यासमोर उभा होता. “मावशी, चुकलो.”

“असू द्या. बगलेत तटतंय का?”

“न्हाई.”

“हात वर करा.” त्यानं वर केला. तिनं उठून काखेतली शिवण चिमटीत धरून पाहिली आणि सोडली. “जावा आता.”

सामना बासष्टच्या भारताशी झाला. मागच्यानं पुढे जायचं आणि पुढच्यानं मागे यायचं हे पहिली आठ-दहा मिनिटं चाललं. अनंतराव ओरडत होते, “जागा बदला, जागा बदला,” आणि सोमेश गोलमधून ओरडला, “जागा काय बदला सर, दम बदलून द्या.” पण एकदा खरोखर झालं. दयानंदनं चेंडू पायाखाली घेतला, एका अंगाला वळल्यासारखं केलं आणि टाचेनं दुसऱ्या अंगाला काढला. समोरचा रिकाम्या गवतावर धावत गेला. मैदानभर माणसं उभी राहिली. गोल झाला नाही. चेंडू बाहेर गेला. दयानंद मात्र दोन्ही हात पसरून अव्वाच्या खुर्चीसमोरून धावत गेला.

अव्वा त्याच्या काखेकडे पाहत होती. “उसवलं न्हाई,” ती म्हणाली.

हॉलंड तीन-एक हरलं. कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. चहाच्या वेळी ब्राझीलवाले येऊन अव्वाला विचारून गेले, पुढच्या वर्षी आमचे शिवाल का. ती म्हणाली, कॉलर हिरवीच ना? एकानं तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. तिनं चौदा नंबरच्या शर्टाला मध्ये उभं केलं आणि त्याची बाही नीट दिसेल असं त्याला वळवलं.

चारच्या लातूर गाडीला मी तिला बसवायला गेले. मैदानापासून बसस्टँडपर्यंत रिक्षात मी शब्द जुळवत होते. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत, दुसऱ्यांच्या वाक्यांवर तासन्‌तास बोलते. फलाटावर मला एवढंच जमलं, “अव्वा, मी आधी तुला विचारायला पाहिजे होतं.”

“व्हय,” ती म्हणाली. “इचारायचं व्हतं.”

जाऊ दे म्हणाली नाही. होतं असं कधी, असंही म्हणाली नाही. ती कधीच खोटं समाधान करायची नाही. शिवण वाकडी आली तर वाकडी आली म्हणायची आणि उसवायची.

गाडी लागली. मी तिला खिडकीजवळ बसवलं, पाण्याची बाटली दिली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभी राहिले.

“त्याचं नाव काय सांगितलं सरांनी?” तिनं विचारलं.

“क्रायफ.”

“मानी माणूस.” तिनं बाटली मांडीवर ठेवली. “अन् त्याचा शर्ट कुणी शिवला?”

“ते कुठं लिहिलेलं नसतं, अव्वा.”

“आधीच दोन लावल्या, का तीन लावून एक काढली?”

“माहीत नाही.”

“काढली आसंल तर लई सफाईनं काढलीया. सुईचा माग कुठं दिसत न्हाई. मी भिंगानं बघितलं.”

शर्ट कुणी शिवला हे कुठं लिहिलेलं नसतं, असं मी तेव्हा न शोधताच सांगून टाकलं होतं. नंतर शोधलं. त्या संघावरची चार पुस्तकं मागवली. प्रशिक्षक काय बोलला, अंतिम सामन्याच्या आधी कोण किती झोपलं, पहिल्या मिनिटात जर्मनांचा पाय चेंडूला लागण्याआधीच पेनल्टी कशी मिळाली, सगळं त्यात आहे. दोन पट्ट्यांची हकीकतही आहे. ज्याच्या किंवा जिच्या हातांनी त्या लावल्या, त्याबद्दल एक ओळ नाही. जूनमध्ये, ती दवाखान्यात असताना, मी तिला हे सांगितलं. ती हं म्हणाली.

त्या दिवशी कंडक्टरनं घंटी ओढली. समोरच्या सीटचं रेक्झिन शिवणीवर फाटलं होतं आणि आतला स्पंज बाहेर आला होता. अव्वा पुढे वाकून तो आत सारत होती, फाटलेल्या कडा एकमेकींना कुठवर येतात ते पाहत होती. गाडी हलली तेव्हा तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली. एका हाताची दोन बोटं त्या कडा जुळवून धरून होती.