शब्द, संगीत आणि गायन: शालिग्राम

मराठी रॉक संगीताचा जन्म १९९२ साली खानदेशात झाला, असं पुण्याच्या एका मासिकाने छापलं. त्याच लेखात खानदेश विदर्भात असल्याचंही छापलं होतं, तेव्हा पहिल्या विधानावर कितपत विसंबायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. शालिग्राम पूर्ण विसंबला.

जळगावच्या एका कॉलेजात तो अर्थशास्त्र शिकवायचा. गिटार स्वतःची, ड्रम लग्नाच्या बँडवाल्याचे. एवढ्यावर निघालेल्या कॅसेटचं नाव झालं ते एका गाण्यामुळे. नवरा गेलेली बाई त्यात म्हणते, 'आते कोन म्हनी माले, कंदील बारीक कर.' आता मला कोण म्हणेल, कंदील बारीक कर. पुरुष असून बाईच्या काळजात इतकं खोल उतरणारा कवी आपल्या पाहण्यात नाही, असं एका समीक्षकाने लिहिलं.

उतरायला फारसे कष्ट पडले नव्हते. सोनगीरचे रुपचंदकाका वारले तेव्हा तो ओसरीवर पुरुषांत बसला होता. भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईच्या गळ्यात पडून भिकुबाईकाकू रडत होती. तिकडे बाया रडतात तशी, चालीत, गेलेल्या माणसाची एकेक सवय सांगत. शालिग्रामने तोंडावर रुमाल धरला. पुतण्याचा भारी जीव होता काकावर, असं लोक म्हणाले. पुतण्या रुमालाआड चाल घोळवत होता. शब्द त्याने सिगारेटच्या पाकिटावर उतरवून घेतले, पेपर तपासायच्या लाल पेनाने.

मग सोनगीरकरांनी भूमिपुत्राचा सत्कार ठेवला. मारुतीच्या पारासमोर मांडव पडला आणि काकूला मानाने पहिल्या रांगेत बसवलं. तिला पाहून शालिग्रामने ते गाणं टाळायचं ठरवलं. घसा बसल्याचं सांगितलं, बाकीची चार गाणी म्हणून पाहिली. लोकांनी ती गावजेवणात कोशिंबीर सोसतात तशी सोसली आणि तेच गाणं मागितलं.

शेवटी त्याला ते म्हणावं लागलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि बायांच्या बाजूला हालचाल झाली. झुंबरबाई उठली, पदर तोंडाला लावला आणि काकूच्या गळ्यात पडली. तिच्यामागे दुसरी, तिसरी. ती चाल कानावर आली की बाईने उठायचं, गळ्यात पडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पुढे ड्रम वाजतोय की टाळ, हा त्यांचा प्रश्न नव्हता. मागे उशिरा आलेली एक म्हातारी विचारू लागली, "कोन गयं व माय?" दोघा-तिघा पुरुषांनी टोप्या काढल्या. बँडवाल्याने आपणहून ड्रम थांबवला. त्यालाही घरदार होतं.

शालिग्राम खाली उतरून काकूपाशी आला. पाया पडावं की पळावं ते सुचेना. तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"तुना काकाले चहा बशीमाच लागे," ती म्हणाली. "ते ऱ्हायनं गानामा."

"काकू, तू ओळखलंस."

"मनं रडनं मीच नही वळखाव?" मग जरा थांबून तिने विचारलं, "पुन्याले रडनं का कोनी?"

"नाही. आवडलं लोकांना."

"हा," काकू म्हणाली आणि पदर सारखा केला. चोर म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

तो तसाच वर गेला. माइक धरून म्हणाला, हे गाणं माझं नाही, भिकुबाईकाकूचं आहे, मी ते ओसरीवर बसून चोरलं. मग अध्यक्ष बन्सीलाल उठले, डोळे टिपले आणि म्हणाले, "एवढा मोठा कलावंत आणि केवढा हा विनय." टाळ्यांचा कडकडाट झाला. शालिग्राम हात हलवून नाही, नाही म्हणत राहिला, तसतशा टाळ्या वाढल्या. शाल त्याच्याच खांद्यावर पडली.

तिसऱ्या दिवशी धुळ्याच्या एका दैनिकात चौथ्या पानावर बातमी आली. गायकाने आपल्या यशाचं श्रेय नम्रपणे काकूला दिलं, असं तीत होतं. काकूचं नाव सुनंदाबाई छापलं होतं. सुनंदाबाई म्हणजे अध्यक्षांच्या पत्नी.