कुंकवाखालचा बेंड

मित्रांनो, मी पाइपाचा एक जुना बेंड आहे. बेंड म्हणजे वळणावरचा तुकडा. जन्मापासून वाकडा, पण मनाने सरळ! अमळनेरच्या एका वर्कशॉपात जाड पत्र्यातून माझा जन्म झाला आणि जळगावला चंपालालशेठच्या डाळ मिलमध्ये मला नोकरी लागली.

पंखा हवा सोडी आणि तुरीचा कोंडा पाइपातून उडत येई. माझ्यापाशी सगळ्यांनी वळायचे. कोंडा बिचारा हलका, हवेबरोबर निमूट वळे. त्यातले वाळूचे कण मात्र हट्टी. ते सरळ येऊन माझ्या पाठीवर आतून आपटत. लोखंडाला ओरडता येत नाही, नाहीतर मी मिल डोक्यावर घेतली असती.

माझे लाड करत ते भटूनाना, मिलचे सर्वांत जुने कामगार. दर खंडेनवमीला ते मला ऑइलपेंट फासत आणि पाठीवर मधोमध कुंकवाचे स्वस्तिक काढत. पत्रा ठोकून बघायलाही तिथे कोणी हातोडी लावायची नाही, असा त्यांचा दंडक. दुपारी माझ्या पाठीसमोरच्या ओट्यावर बसून ते भाकरी खात. मला फार बरे वाटे.

शेठजींची नात चेलना धुळ्याला इंजिनिअरिंग शिकते. तिने लॅपटॉपमध्ये माझे हुबेहूब रूप काढले, त्यात हवा सोडली, वाळूही सोडली. जिथे जास्त झीज, तिथे रंग लाल. आणि लाल कुठे झाले? नेमके स्वस्तिकाच्या जागी!

"ऐन हंगामात चित्र बघून मिल बंद करू का, बेटा?" शेठजी हसले.

"दादाजी, हा फुटला तर वाळू थेट नानांच्या डोळ्यांत जाईल."

शेठजींचे हसू मावळले. त्यांनी स्वतः पंखा बंद केला. चेलना माझ्याकडे वळताच भटूनाना आडवे आले.

"ताई, तठे हात नका लावू. पूजानी जागा शे!"

"मग तुम्हीच बघा, नाना. हलकेच दाबा."

नानांनी मला नमस्कार केला आणि कुंकू लावायचे तेच बोट स्वस्तिकावर टेकवले. बोट सरळ आत गेले! पत्रा केव्हाच संपला होता.

"अरे देवा! हाऊ ते नुसता रंगवर टिकेल व्हता!" नानांनी बोट काढून भोकातून आत पाहिले. मग स्वतःचे डोळे चाचपून खो खो हसत सुटले.

मला भंगारात जावे लागले नाही. चेलनाने धुळ्याला आपल्या टेबलावर मला मानाची जागा दिली. पडद्यावरचा मी रोज झिजतो, रोज फुटतो, पण कोणाच्या डोळ्यात कणही जात नाही.

मित्रांनो, तुमची सायकल असो की घरचा पंखा, ज्याच्यावर माया आहे त्याला नुसते सजवू नका. अधूनमधून रंगाखालीही बघा.

यंदाच्या खंडेनवमीला नानांनी काय केले, ते चेलनाने मला सांगितले. त्यांनी नव्या बेंडावर सगळीकडे बोटाने टकटक केले, कान लावून ऐकले आणि कुंकवाची वाटी हातात धरून तिला विचारले, "आवाज चांगला शे, ताई. आते काढू का स्वस्तिक?"