नाना दिसले, ओव्हर

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस संच आहे. रंग काळा, पोटावर जाळी, बगलेत एक बटण आणि डोक्यावर वीतभर एरियल. दिसायला मी अगदीच सामान्य, त्यामुळे रूपाचे कौतुक सांगून तुमचा वेळ घेत नाही. बटण दाबले की माणूस बोलतो, सोडले की त्याला ऐकू येते. दोन्ही एकदम होत नाही. आणि एका वेळी दोघांनी बटण दाबले, तर दोघांचेही बोलणे खरखरीत बुडते. हा माझ्या जातीचा जन्मजात दोष आहे. तो मी लपवत नाही, कारण पुढे माझ्यावर भलताच दोष लादला गेला.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. तपासणी करणाऱ्या बाईंना त्या दिवशी सडकून सर्दी झाली होती. माझ्यातून गेलेला पहिला शब्द म्हणजे त्यांची शिंक. "हा ठीक आहे," असे म्हणून त्यांनी मला खोक्यात ठेवले. त्या खोक्यातून आम्ही बारा भावंडे एका जंगलाच्या फाटकावरच्या कार्यालयात पोहोचलो. तिथून मला तीन नंबरच्या जीपमध्ये, ड्रायव्हरच्या समोरच्या कप्प्यात जागा मिळाली.

ती जीप एक तरुण बाई चालवत असे. तिचे वडील, म्हणजे सगळ्यांचे नाना, जंगलात प्राण्यांचा माग काढत. नानांनी ओल्या मातीवरचा ठसा बघितला, की प्राणी नर की मादी, पोट भरलेले की उपाशी, घाईत होता की रमतगमत, हे ते सांगत. माझ्यावर मात्र त्यांचा फारसा विश्वास नव्हता. "ही डबी बोलते फार, बघत काही नाही," असे ते म्हणत. मला राग येई, पण म्हणणे खरे होते.

सुरुवातीची वर्षे शांत गेली. शाळांच्या सहली येत, एखादा म्हातारा पक्षी बघायला येई. रस्त्यात झाड पडले, टायर बसला, डबा विसरला, असल्या बातम्या मी इकडून तिकडे पोहोचवत असे. प्राण्यांची नावे मात्र आमच्यावर उच्चारायची नाहीत असा दंडक होता. पर्यटकांच्या कानावर 'बिबट्या' पडले आणि पोहोचेपर्यंत तो निघून गेला, तर ड्रायव्हरचे काही खरे नसे. म्हणून आमच्याकडे नातलग होते. हत्ती म्हणजे मामा, कारण तो न सांगता येतो आणि सगळे खाऊन जातो. बिबट्या म्हणजे आत्या, कारण ती क्वचित येते आणि आली की सगळे गपगुमान बसतात. "आत्या आंब्याखाली बसल्यात," एवढे म्हटले की गाड्या बरोबर वळत.

मग आपल्या देशाला फुटबॉलची ती मोठी स्पर्धा भरवण्याचा मान मिळाला. स्पर्धेचे बोधचिन्ह होते बिबट्या, आखूड चड्डी घातलेला, पायाशी चेंडू असलेला. आपला संघ पहिल्याच फेरीत घरी गेला. घर जवळच होते. पण यजमान म्हणून आपण जिंकलो. रस्ते स्वच्छ, माणसे हसतमुख, सगळे वेळेवर, असे जगभरच्या वर्तमानपत्रांनी लिहिले. मी त्या अभिमानाची थट्टा करणार नाही, कारण तो मलाही वाटला. अंतिम सामन्याच्या दिवशी आमच्या कंट्रोलमधल्या, म्हणजे फाटकावरून सगळ्या संचांशी बोलणाऱ्या, माणसाने वायरलेसचे बटण दाबून तो टीव्हीसमोर धरला, आणि चौकी-चौकीवर एकटे बसलेल्या रखवालदारांना त्या लाखभर लोकांचा गजर ऐकवला. नानांनी तेव्हा टोपी काढून हातात घेतली होती. लेकीने बघू नये म्हणून त्यांनी तोंड वळवले, पण तिने पाहिलेच.

त्या दिवसापासून कंट्रोलमधल्या माणसाचे नावच 'कॉमेंट्री' पडले. सामने संपले तरी त्याच्या जिभेवरचा सामना संपेना. "आणि तीन नंबर पुढे सरसावतेय!" असे तो साध्या वळणावरही ओरडे. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त आपण काहीतरी भव्य करतो आहोत असे सतत वाटायला हवे असे.

भव्य दिवस आलेच. वरून साहेब आले आणि म्हणाले, "जगाने आपलं स्टेडियम पाहिलं, आता आपलं जंगल पाहू दे." जीपना झेंड्याचे रंग लागले. नाना म्हणाले, "असं नटून लग्नाला जातात, मागावर नाही." कोणी ऐकले नाही. फाटकाजवळ एक प्रथमोपचाराची खोली होती. तिथल्या नर्सबाईंची बदली झाली, खाट बाहेर गेली, आणि त्या खोलीचे 'गौरव दालन' झाले. आत काचेच्या पेटीत अंतिम सामन्याचा चेंडू आणि भिंतीला टेकवलेला बिबट्याचा पोशाख. ऑक्सिजनची टाकी त्या पोशाखामागे गेली, कारण ती फोटोत वाईट दिसत होती.

दिवसाला दोन फेऱ्या होत, त्या पाच झाल्या. प्रत्येक पाहुण्याला बोधचिन्ह जिवंत बघायचे होते. प्रत्येक फेरीच्या पुढे नाना चालत. साठी उलटलेला माणूस, पहाटेपासून मावळतीपर्यंत वाकून जमीन वाचायचा. त्यांनी जोडीला आणखी एक माणूस मागितला. त्यांना एक टी-शर्ट मिळाला. त्याच्या छातीवर लिहिले होते, 'देशाचा अभिमान'. लेकीने तो दोनदा धुवून फडके करायला घेतला.

आता एका शब्दाची गोष्ट सांगतो. पाहुण्यांसाठी छापलेल्या माहितीपत्रकात कोणा हुशाराने 'गमतीदार माहिती' म्हणून आमची सगळी नाती छापून टाकली. झाले! माझ्यातून 'आत्या' ऐकू येताच मागच्या बाकावरचे लोक "आत्या, आत्या!" करून उभे राहू लागले. नवे शब्द ठरवायला पत्र्याच्या शेडमध्ये बैठक बसली. मी टेबलावरच होतो. कोणी 'सर' सुचवले, कोणी 'गठुडे'. एकमत होईना. नाना कंटाळले होते, पाय दुखत होते. ते म्हणाले, "एवढं काय डोकं चालवताय? माझंच नाव ठेवा."

"म्हणजे?"

"म्हणा, नाना दिसले. मला बघायला कोण उठून उभं राहणार आहे?"

सगळे पोट धरधरून हसले. लेक तेवढी हसली नाही. "बाबा, असलं काही बोलू नका हो," ती म्हणाली.

"अगं, तेवढाच मान! म्हातारपणी बिबट्या झालो."

कॉमेंट्रीला तर शब्द इतका आवडला की त्याने लगेच फळ्यावर लिहिला. मग खरे नाना कुठे आहेत हे विचारायचे झाले तर काय म्हणायचे, असे लेकीने विचारले. त्यांना वायरलेसवर 'माग' म्हणायचे ठरले. ती कधी कधी चुकून माझ्यावर 'बाबा' म्हणत असे, त्यावरही तेव्हाच बंदी आली. "घरचं बोलणं घरी, ताई. पाहुणे ऐकतात," कॉमेंट्री म्हणाला. चार महिने सारे सुरळीत चालले.

मग परदेशी परीक्षक पाहुणे आले. पुढची कुठली तरी स्पर्धाही आपल्यालाच मिळावी की नाही हे ते ठरवणार होते, आणि त्यांना जंगल दाखवण्याचा मान आम्हाला मिळाला. बिबट्या सहा दिवस कोणाला दिसला नव्हता. साहेबांचे सकाळपासून फोनवर फोन. कॉमेंट्रीचा घसा आधीच बसला होता. भर दुपारची, तिसरी फेरी. आठ गाड्या पाहुण्यांना घेऊन फाट्यावर थांबल्या होत्या, आणि आमची जीप नानांना घेऊन पुढे पाणवठ्यावर गेली होती.

नाना उतरले. काठावर वाकले. ठशाशेजारी तळहात ठेवून म्हणाले, "ताजा आहे." मग ते खाली बसले. आणि बसल्या बसल्या एका कुशीवर कलंडले.

लेक धावली. तिने त्यांना ओढत सावलीत आणले, शर्टाची बटणे काढली, तोंडावर पाणी मारले. मग ती माझ्याकडे आली. घाईत बटण दोनदा निसटले. ठरलेला 'माग' तिला सुचला नाही. वडिलांना वायरलेसवर जे म्हणायची वर्षानुवर्षे सवय, तेच तोंडून गेले.

"कंट्रोल, नाना पाणवठ्यावर पडलेत. हालत नाहीत. लवकर या!"

मित्रांनो, मी हे शब्द जसेच्या तसे पोहोचवले. एक अक्षर गाळले नाही. तिचा श्वाससुद्धा पोहोचवला.

"हालत नाहीत? वा, वा!" पलीकडून कॉमेंट्री म्हणाला. "हालू देऊ नका! सगळ्या गाड्या पाणवठ्याकडे! नाना सापडले!"

"अहो, नाना! नाना पडलेत!"

"कळलं हो, कळलं. सारखं नाव घेऊ नका, पाहुण्यांना संशय येईल."

आणि मग आठही ड्रायव्हरांनी एकदम बटणे दाबली. कुठल्या बाजूने, उजवीकडून की डावीकडून, किती लांब? लेक ओरडत होती, "माझे बाबा! माझे बाबा पडलेत!" पण तिचा आवाज त्या खरखरीत गेला. माझ्या आयुष्यात मला माझ्या घडणीची इतकी चीड कधी आली नव्हती.

आठ गाड्या आल्या. पाणवठ्याकडे जायला एकच चिंचोळी वाट, एका बाजूला चर. एकामागोमाग एक लागून त्या उभ्या राहिल्या. पाहुणे कॅमेरे सरसावून उभे राहिले. झुडपांत बघू लागले. मग त्यांना दिसले की एका बाईच्या मांडीवर डोके ठेवून एक म्हातारा पडला आहे. तरी दोन-चार कॅमेरे वाजलेच. पाहुण्यांतली एक बाई मात्र नियम मोडून उडी मारून खाली उतरली आणि नानांची छाती दाबू लागली. तिची भाषा कोणाला कळत नव्हती, पण ती काय करते आहे ते कळत होते. ड्रायव्हरांनी नानांना उचलून आमच्या जीपमध्ये ठेवले. आता निघायचे तर वाट अडवून उभ्या असलेल्या आठही गाड्यांनी मागे सरकायला हवे, आणि सुरुवात शेवटच्या गाडीने करायची. तिचा ड्रायव्हर नवा होता. चराच्या भीतीने तो दर दोन हातांवर थांबत होता. त्या आठ गाड्या मागे सरकत असतानाच नाना गेले.

कॉमेंट्री फाटकावर उभा होता. जीपमध्ये कोण आहे हे बघितल्यावर तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. आत फळ्यावर त्याने खडूने आधीच लिहून ठेवले होते, 'आज दिसलेले प्राणी : बिबट्या'. संध्याकाळपर्यंत ते कोणी पुसले नाही.

पाहुण्यांनी जाताना कर्मचाऱ्यांच्या संयमाची तारीफ केली. साहेबांनी देशाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे असे सांगून सगळ्यांना तोंड बंद ठेवायला लावले. तरी एक चौकशी झाली, कारण कागद हवा होता. पहिल्या दिवशी कॉमेंट्रीने खरे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याला साहेबांनी खोलीत बोलावले. तिसऱ्या दिवशी त्याने लिहून दिले की संच जुना होता आणि आवाज अस्पष्ट येत होता. सगळ्यांना हायसे वाटले. माणसाची चूक नाही, देशाची नाही, डबीची आहे.

नवे संच आले. मी भांडारात गेलो. वस्तू रद्द करायची तर ती शेवटी वापरणाऱ्याची सही लागते, म्हणून लेकीला बोलावले. भांडारपालाने कागद पुढे केला. त्यावर छापले होते, 'संच निकामी, आवाज अस्पष्ट'.

"इथे सही करा ताई. मग तुमच्या कायमच्या नोकरीचा कागद पुढे सरकेल. साहेबांचा शब्द आहे."

तिने कागद वाचला. मग मला उचलले, नवी बॅटरी घातली, टेबलावर ठेवले, आणि माझे एक भावंड घेऊन ती बाहेर गेली. अंगण ओलांडून, फाटकापलीकडे, पार रस्त्यापर्यंत.

"भांडार, माझा आवाज येतोय का?"

भांडारपालाने माझे बटण दाबले. "येतोय."

"स्वच्छ येतोय?"

"स्वच्छ येतोय, ताई."

"मग तसं लिहा."

ती परत आली तेव्हा त्याने काही लिहिलेले नव्हते. "मला दोन मुली आहेत हो," एवढेच तो म्हणाला, मान खाली घालून. तेव्हा तिने स्वतःच पेन घेतले, छापलेल्या शब्दांवर आडवी रेघ मारली, वर लिहिले 'आवाज स्वच्छ' आणि खाली सही केली. त्या महिन्यानंतर तिची जीप दुसऱ्याच्या हाती गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मला जपून काय करायचे आहे? आपल्या देशाचा अभिमान तुम्ही जरूर बाळगा, पाहुण्यांना हौसेने बोलवा. पण ज्याच्या पायांवर ती सगळी मिरवणूक चालते, त्याला जेवायला आणि टेकायला वेळ द्या, आणि तो पडला तर न्यायला वाट मोकळी ठेवा. एवढी काळजी घेता आली नाही, तर निदान खोटे लिहू नका.

लेकीने सही केलेला तो कागद आठवडाभरात कुठेतरी गहाळ झाला. त्याच्या जागी नवा कागद आला. तो कधी तुमच्या हाती पडला, तर त्यावर मी निकामी असल्याचे वाचाल आणि खाली एक सही बघाल. ती तिची नाही.