पुढचं वाक्य

नाटक कंपनीत त्याला सगळे 'महाराज' म्हणत. तीस वर्षांत त्याने इतके राजे रंगवले होते की दुसरं नाव शोभलंच नसतं. त्याची धाकटी बहीण त्याच कंपनीत प्रॉम्प्टर होती. डाव्या विंगेत, पडद्याला अगदी चिकटून, मांडीवर संहिता आणि वरून कागद लावून झाकलेला छोटा दिवा, ही तिची जागा. नट अडला की ओठातल्या ओठात पुढचे दोन शब्द सोडायचे, तेही असे की पहिल्या रांगेलाही पत्ता लागू नये. ती त्याला दादा म्हणायची आणि तो तिला छोटी म्हणायचा, ती पन्नाशीला टेकली तरीही.

त्या वर्षी कंपनीने एक फार जुनी शोकांतिका बसवायला घेतली. शहराला वेढा पडलेला. राजाने फर्मान काढलेलं की वेशीचा दरवाजा जो उघडेल त्याला देहदंड. बाहेर विव्हळत पडलेल्या आपल्याच जखमी शिपायांना आत घ्यायला त्याचाच मुलगा दरवाजा उघडतो. प्रधान हात जोडतो, राणी पदर पसरते, राजा ऐकत नाही. मुलगा मारला जातो आणि मग कळतं, की त्या जखमींनीच आदल्या रात्री लढून वेढा फोडला होता. शेवटी राजा मुलाच्या प्रेतापाशी एकटा उरतो. चाळीस ओळींचं स्वगत, मग पडदा.

तालमीत प्रधानाचं काम करणाऱ्या नवख्या नटाने विचारलं, की सगळे जीव तोडून सांगतायत तरी ऐकत नाही, म्हणजे हा राजा मूर्खच नाही का.

"मूर्ख नाही," दादा म्हणाला. "शब्दाला पक्का आहे. त्याच गुणावर त्याने राज्य उभं केलं, आणि तोच गुण त्याला खाली ओढतो. वाईट माणूस पडला तर कोण हळहळतं? मोठा माणूस स्वतःच्या पायांनी खड्ड्याकडे चालत जातो, तेव्हा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो."

दिग्दर्शिकेने ते वहीत लिहून घेतलं. मध्यंतरात दादा छोटीजवळ आला आणि त्याने हळूच विचारलं, "कपडे बदलायची खोली कुठल्या बाजूला?" त्या नाट्यगृहात तो सव्वीस वर्षं वावरत होता.

तिने बोट दाखवलं. खरं तर तिला वर्षभरापासून संशय होता. आधीच्या नाटकात तो प्रयोगागणिक अडायचा, आधी दोनदा, मग दहा-बारा वेळा, आणि ती इतक्या सफाईने शब्द पोचवायची की वर्तमानपत्रात त्याच्या थांबण्याचंच कौतुक छापून आलं. 'त्यांची शांतताही बोलते.' दादाने ते कात्रण आरशाच्या कडेला खोचलं. छोटीने तेव्हा तोंड उघडलं नाही. आपण त्याला सांभाळून घेतोय, असंच तिला वाटत राहिलं.

वहिनीला विचारलं तर ती आधी उडवाउडवी करत होती. मग म्हणाली, की गॅस चालू ठेवून फिरायला जातात, परवा शेजाऱ्यांच्या दाराला किल्ली लावत उभे होते. पण डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर येतात.

शेवटी छोटीच रंगपटात गेली. दादा आरशासमोर दाढी चिकटवून बघत होता. ती म्हणाली, "दादा, हे वयाचं विसरणं नाही. एकदा दाखवून घेऊ. नाटक महिनाभर पुढे ढकलता येईल."

त्याने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "विंगेत बसून बसून तुला वाटायला लागलंय की नाटक तूच करतेस."

"मी तसं म्हटलं का?"

"मग उद्यापासून बसू नकोस. मला प्रॉम्प्टरची गरज नाही."

तिला वाटलं, संध्याकाळपर्यंत निवळेल. पण त्याने त्याच दिवशी दिग्दर्शिकेला सांगितलं, एक तर ती राहील नाहीतर मी. दिग्दर्शिका बिचारी कात्रीत सापडली. पहिला प्रयोग आठवड्यावर आला होता, जाहिरातीत त्याचाच चेहरा. तिने छोटीची माफी मागितली आणि संहिता परत घेतली. छोटीनेही वाद घातला नाही. तिच्यातही त्याच घराण्याचा ताठा होता. बघू दे एकदा माझ्याशिवाय करून, असं तिच्या मनात आलं, आणि ते आल्याची नंतर तिला आयुष्यभर लाज वाटली.

पहिल्या प्रयोगाला तिने तिकीट काढलं. चौथी रांग, कडेची खुर्ची. पडदा वर गेला आणि ती चकित झाली. दादा एकही शब्द चुकला नाही. फर्मान काढताना त्याचा आवाज असा लागला, की मागच्या रांगेतला खोकलाही थांबला. राणीला झिडकारताना त्याने नुसती मान फिरवली तर लोकांनी श्वास रोखला. आपलंच चुकलं की काय, असं तिला वाटू लागलं. शेजारी वहिनी रुमालाची घडी करत बसली होती.

मग शेवटचं स्वगत आलं. दादा प्रेतापाशी गुडघ्यांवर बसला, पहिल्या चार ओळी म्हणाला आणि थांबला. नंतर उभा राहिला, आणि भरदार आवाजात पहिल्या अंकातलं फर्मान म्हणू लागला. दरवाजा बंद करा, जो उघडेल तो जगणार नाही. प्रेक्षकांना वाटलं, राजाला वेड लागलंय. फर्मान संपलं आणि त्याने ते पुन्हा सुरू केलं. जमिनीवर पडलेल्या मुलाने एक डोळा किलकिला केला. तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा मागे कुणीतरी हसलं.

दादा थांबला. प्रकाशाच्या पलीकडे काहीतरी शोधत, राजाच्या नव्हे, स्वतःच्या घरच्या आवाजात म्हणाला, "छोटी, पुढे काय?"

ती उठली. ओळ म्हणाली, मोठ्याने, कारण एवढ्या लांबून कुजबुजून भागलं नसतं. त्याने ती तशीच उचलली. तिने पुढची दिली. भरल्या सभागृहात ती उभी राहून एकेक ओळ सांगत होती आणि तो लहान मुलासारखा तिच्या मागून म्हणत होता. छत्तीस ओळी. कुणी हललं नाही. पडदा पडल्यावर टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे लोकांना बराच वेळ कळेना.

दुसऱ्या प्रयोगापासून प्रधान झालेला नट राजा झाला. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते वहिनीने दोन वाक्यांत फोनवर कळवलं. दादाने मात्र छोटीशी बोलणं टाकलं. भरल्या सभागृहात उभी राहून माझं हसं केलं, असं तो येईल-जाईल त्याला सांगायचा. आपणच तिला हाक मारली होती, हे तो साफ विसरला होता. वहिनी म्हणाली, मी सांगते त्यांना. छोटीने नको म्हटलं. सांगून पटलं असतं तरी दुसऱ्या दिवशी परत पुसलं गेलं असतं, आणि परत नव्याने मनाला लागलं असतं.

वर्षभराने तो तिला ओळखेनासा झाला, तेव्हा ती पुन्हा त्याच्या घरी जाऊ लागली. अनोळखी बाई म्हणून तो तिच्याशी फार अदबीने वागायचा, खुर्ची पुढे करायचा. एका दुपारी त्याने आपणहून विषय काढला.

"मला एक बहीण होती," तो म्हणाला. "माझ्याच कंपनीत. मी तिला एकदा काढून टाकलं."

छोटीने विचारलं, "मग?"

"मग काय, गेली." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "भांडायला हवं होतं तिने. माझ्याशी कुणीच भांडलं नाही हो."

आतून वहिनीने चहाला साखर किती म्हणून विचारलं. छोटीने आपली खुर्ची त्याच्या आणखी जवळ ओढली.