माळढोकाच्या गळ्याची घडी

मी एक जुनी शिंगाची पट्टी आहे. लांबीने वीतभर, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला निमुळती. मित्रांनो, तुमचं पुस्तक शिवण्याआधी छापलेले मोठे कागद मोडावे लागतात. त्यांना फर्मे म्हणतात. फर्म्याची घडी माझ्या पाठीने दाबून पक्की करतात. एका कारागिराने मला म्हशीच्या शिंगातून कापलं, घासलं, तेल पाजलं आणि मी सोलापुरात बाळीवेशीजवळच्या गुरुबसप्पांच्या बाइंडिंगच्या दुकानात आले. माझ्या हातून कामं पुष्कळ झाली. पण एक गोष्ट अशी घडली की ती आठवली की आजही मला तोंड लपवावंसं वाटतं. तीच तुम्हाला सांगते.

मला वापरायची शिवबाई. ती मोडनिंबची, चौथीपर्यंत शिकलेली. दिवसाला हजारावर फर्मे ती मोडायची. खळीने तिची बोटं भेगाळली होती. त्या खरखरीत बोटांचा मला कंटाळा यायचा, हे आता कबूल करते.

त्र्याहत्तर साल असेल. एका हायस्कूलचे ड्रॉइंगचे सर, ईश्वरप्पा, शाळेची पुस्तकं बांधून घ्यायला दुकानात येऊ लागले. मूळचे अक्कलकोटचे, बोलणं गोड, बोटं लांबसडक. त्यांच्याजवळ ओरिगामीचं एक जपानी पुस्तक होतं. बोलता बोलता ते चौकोनी कागद उचलत आणि बघता बघता त्याचा बेडूक नाही तर बगळा करत. कात्री नाही, खळ नाही. ईश्वरप्पांच्या हातात जन्मजात जादू आहे, असं सगळे म्हणत. सरांनाही ते खरं वाटत होतं. पुस्तकात नसलेलं काही त्यांनी कधी केलं आहे का, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

शिवबाईने त्यांच्याकडून बगळा शिकून घेतला. मग एक दिवस तिने भीतभीत विचारलं की सर, पुस्तकात नसलेलं पाखरू करायचं असलं तर काय करायचं?

सर हसले. म्हणाले, "ते सुचावं लागतं, शिवबाई. ज्याला देवानं दिलंय त्यालाच सुचतं."

शिवबाई पुन्हा फर्मे मोडायला लागली. दुपारची भाकरी खाऊन झाली की मात्र ती कात्रणांतला कागद चौकोनी फाडून बसू लागली. तिला माळढोक करायचा होता. लहानपणी मोडनिंबच्या माळावर शेरडं राखताना तिने तो पाहिला होता. नर माळढोक गळ्याची पिशवी फुगवून उभा राहतो, ती पिशवी पार गुडघ्यापर्यंत लोंबते. एका कागदातून लांब मान, बारीक पाय आणि फुगलेली पिशवी, हे सगळं काढायचं होतं. पाय जमले की मान आखूड व्हायची. मान जमली की पिशवीला कागद उरायचा नाही. फसलेलं पाखरू ती पुन्हा उलगडायची, कुठली घडी कुठून निघाली ते पेन्सिलीने खुणावायची आणि नवा कागद घ्यायची. असं दीड वर्ष चाललं. मी तिच्या हातात होते आणि मनात म्हणत होते, हिच्याच्यानं काय होणार? देवाने दिलेला हात असा असतो होय?

आणि एका दुपारी माळढोक उभा राहिला. खाकी कागदाचा, दोन पायांवर, गळा फुगवून.

सरांनी तो उचलून चारी बाजूंनी फिरवून पाहिला. शहरात हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. तिथे ठेवायला नेतो, असं त्यांनी शिवबाईला सांगितलं. जाताना माझ्यावर बोट फिरवून म्हणाले, ही पट्टी फार सुरेख आहे, काही दिवस नेऊ का? शिवबाईने आनंदाने दिली. आणि मित्रांनो, मलाही आनंद झाला. भेगाळलेल्या हातातून सुटले, असं वाटलं.

प्रदर्शनात नोंद करणाऱ्या माणसाने पाखरू पाहिलं आणि न विचारताच चिठ्ठीवर लिहिलं, 'माळढोक, स्वतंत्र रचना, ईश्वरप्पा'. सरांनी तोंड उघडलं, मग मिटलं. मी त्यांच्या खिशात होते. त्यांचं काळीज धडधडलेलं मला कळलं. नंतर ते शांत झालं.

रविवारी पुण्याहून पाहुण्या बाई आल्या. साऱ्या प्रदर्शनात त्यांना तेवढं एक पाखरू नवं वाटलं. त्यांनी सरांना सगळ्यांसमोर ते करून दाखवायला सांगितलं. सरांनी घरी ते उलगडून पाहिलं होतं, त्यामुळे सुरुवात झकास झाली. मी ऐटीत कागदावरून फिरले. पण गळ्याशी सरांचा हात अडला. घडी एकदा घातली, सोडली, पुन्हा घातली. कागदाला लव सुटली. लोक आधी कौतुकाने पाहत होते, मग एकमेकांकडे पाहू लागले.

त्या दिवशी गुरुबसप्पांनी दुकानातल्या सगळ्यांना प्रदर्शन पाहायला आणलं होतं. गर्दीत शिवबाई उभी होती. तिने चिठ्ठी वाचली होती. ती पुढे आली आणि हळूच म्हणाली, "सर, हितं घडी आत ढकलायची हाय. द्या हिकडं."

तिने कागद घेतला, मला घेतलं आणि पाच मिनिटांत गळा फुगवला. ओळखीच्या त्या खरखरीत बोटांत मी शरमेनं मेले.

पाहुण्या बाईंनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? शिवबाईने सरांकडे पाहिलं. सरांची मान खाली होती.

"कागद मोडायला सरांनीच शिकवलं," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुरू असावा तर असा, असं कुणी तरी म्हणालं. सर त्या टाळ्यांत उभे राहिले, आणि मी टेबलावर पडून राहिले. आम्हा दोघांनाही शिवीगाळ झाली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन दुकानात आले. माफी मागायला आले होते. पण त्यांनी विचारलं ते एवढंच, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

"सुचलं कुटलं, सर," शिवबाई म्हणाली आणि तिने माळ्यावरचं खोकं खाली ओढलं. त्यात फसलेले माळढोक होते. दोनशेच्या वर. सर फरशीवर बसले आणि एकेक उचलून पाहू लागले. आखूड मानेचे, लंगडे, पिशवीच्या जागी नुसती चुरगळ असलेले. प्रत्येक पाखरू आधीच्यापेक्षा केसभर पुढं गेलेलं. पाहता पाहता सरांनी डोळ्यांना रुमाल लावला. बगळा आपल्याला पहिल्याच दिवशी जमला होता, म्हणून नंतर आपण कधी फसायला धजलोच नाही, असं ते म्हणाले.

प्रदर्शनाचा तोच शेवटचा दिवस होता. सरांनी खोकं मागितलं. या खेपेला शिवबाई लगेच हो म्हणाली नाही. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग म्हणाली, "मी बी येते संगं."

त्या संध्याकाळी टेबलावर फसलेल्या पाखरांची लांबलचक रांग लागली आणि शेवटी तो माळढोक. सरांनी जुनी चिठ्ठी सगळ्यांदेखत फाडली. नवी स्वतःच्या अक्षरात लिहिली: 'रचना शिवबाई, मोडनिंब. इथे मी माझं नाव राहू दिलं, ते खोटं होतं. ईश्वरप्पा.' कुजबुज झाली. सरांच्या शाळेतले एक पालक त्यांना तोंडावर टाकून बोलले. सर जागचे हलले नाहीत.

पुढे सर दर शनिवारी दुकानात येऊन बसत. दोन वर्षांनी त्यांनी स्वतःचं असं एक वटवाघूळ केलं. एक पंख वाकडा होता. शिवबाईने ते दुकानात सगळ्यांना दाखवलं.

तिने मला कधी दूषण दिलं नाही. पुसलं आणि फर्म्यावर टेकवलं. माझी लाज मात्र गेली नाही. म्हणून मित्रांनो, एवढं ऐका. कुणाच्या हातचं सुबक काही पाहिलंत, तर चटकन जादू म्हणू नका. त्याला विचारा, आधीची फसलेली कुठं आहेत? आणि तुमची स्वतःची फसलेली फेकू नका.