दोन पाणकावळे

“ताई, हे गार पडत चाललंय,” लंकाबाई म्हणाली.

चुलीपुढं बसून तिनं पाणकावळ्याला गोधडीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. दुपार होती, पण निफाडकडची जानेवारीतली थंडी उन्हालाही दाद देत नव्हती. सकाळी नाशिकहून आलेल्या डॉक्टरांनी पक्ष्याला भूल देऊन पोटातलं यंत्र काढलं होतं. सुपारीएवढं ते, शरीराचं तापमान टिपणारं. टाके नीट पडले, भूल उतरली. अंगात ऊब मात्र परतेना.

संध्यानं थर्मामीटर पाहिला. “एक्केचाळीसला हवं. चौतीस आहे.”

“मंग करा की काहीतरी.”

संध्यानं चुलीतली लाकडं पुढं सारली. थोड्या वेळानं गोधडीतली धडधड थांबली.

संध्या नाशिकच्या एका कॉलेजात शिकवायची आणि पाणकावळ्यांवर संशोधन करायची. ऑगस्टातल्या वादळात गोदावरीवरच्या धरणाच्या फुगवट्याकाठची बाभूळ पडली, तेव्हा घरट्यातली दोन पिल्लं चिखलात सापडली. वनखात्याची परवानगी काढून तिनं ती लंकाबाईकडं सोपवली. लंकाबाई मासेमाराची विधवा. तिचा नवरा खंडेराव जाळी फाडणारे हे पक्षी दिसले की मारायचा. आता तीच त्यांना हातानं मासे भरवू लागली. वरून जाळी टाकलेल्या डबक्यात दोघं बुड्या मारायला शिकले. “या रं, या,” म्हटलं की ओल्या पंखांनिशी मांडीवर चढायचे.

दोघांच्याही पोटात यंत्रं बसवली तेव्हा संध्यानं तिला समजावलं होतं. थंड पाण्यातला मासा गिळला की पक्ष्याचं पोट आतून गार पडतं. वर पंख भिजलेले. मग खाल्लेल्यातलंच जाळून अंग तापवावं लागतं.

“म्हंजे निम्मं तर थंडीच खाती,” लंकाबाई म्हणाली होती.

“किती खाते, तेच मोजायचंय.”

मेलेल्या पक्ष्याला पुरून लंकाबाई परतली, तेव्हा संध्या डबक्यापाशी उभी होती. दुसरा पक्षी समोरच दगडावर बसला होता.

“ह्याच्यातलं पण काढणार?”

“काढावंच लागेल, लंकाबाई. आत राहिलं तर पुढं त्रास होईल. थंडी सरू दे, मग काढू. आणि सोडून देऊ.”

फेब्रुवारीच्या अखेरीस डॉक्टर आले. पक्षी डबक्यात बुड्या मारत राहिला, काठाला येईना. शेवटी लंकाबाईनंच हाक मारली. तो मांडीवर आला आणि तिनं त्याला टेबलावर दिला. भूल चढेपर्यंत त्याची मान तिच्या हातात होती. हा वाचला. जखम भरल्यावर वरची जाळी काढली, तो उडाला. संध्याही सामान आवरून नाशिकला गेली.

पण त्याला माणसाचं भय ठाऊकच नव्हतं. एक दिवस जयराम, लंकाबाईचा दीर, सांगत आला.

“वहिनी, तुझं पाखरू कोणाच्या बी होडीत येऊन बसतंय. मी काय नाय करायचो. पण पल्याडची पोरं नाय ऐकायची. काल एकानं वल्हं उगारलं.”

“मंग? उडालं का?”

“कुठलं! चोच उघडून बघत बसलं. मी होतो म्हणून वाचलं.”

लंकाबाई दुसऱ्या दिवशी काठावर गेली. तिला पाहून पक्षी आपणहून पोहत आला. तिनं ढेकूळ उचललं आणि फेकलं. ते पाण्यात पडलं. तो लगेच तिथं बुडी मारून वर आला, चोच रिकामी, आणि पुन्हा तिच्याकडं येऊ लागला.

“जा! जा म्हणते ना!”

दुसरं ढेकूळ त्याच्या पंखाला लागलं. तो थांबला. मान वाकडी करून बघत राहिला. तिनं तिसरं मारलं, चौथं मारलं. तिला नीट दिसेनासं झालं होतं तरी ती फेकत राहिली. अखेर तो पाण्यावर पंख आपटत उठला आणि थेट पलीकडच्या खडकांवर गेला.

तिथं पाणकावळ्यांची रांग पंख पसरून बसली होती. लंकाबाईनं डोळे पुसले, कपाळावर हात धरून पाहिलं. सगळे सारखेच काळे. आपला कुठला, ते तिला ओळखू येईना.

हातात राहिलेलं ढेकूळ तिनं काठावर ठेवून दिलं.